सहा कृत्तिकांच्या त्रेचाळीस कशा झाल्या

कुंभकोणम,
१४ फेब्रुवारी १९५६

तीर्थस्वरूप भागीरथीअक्काच्या पायांशी धाकट्या गुरुमूर्तीचा दंडवत.

इकडे आम्ही तिघे सुखरूप आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला मद्रासच्या समुद्रवाऱ्याने गेला की वाढला? (गेला असल्यास श्रेय वाऱ्याला, वाढला असल्यास दोष त्यांच्या तपकिरीला. हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नकोस.)

तुझी तिन्ही पत्रे पोचली. तिन्हींत एकच विचारणा: तिरुच्चीच्या मुलाकडची माणसे खोळंबली आहेत, सीतालक्ष्मीचा फोटो का पाठवत नाहीस? बाप फोटो स्टुडिओ चालवतो आणि त्याच्याच मुलीचा फोटो मिळू नये, म्हणजे काय? तुझा राग रास्त आहे. चूक माझी आहे, आणि थोडी कृत्तिकांची.

झाले असे, की कार्तिकात रद्दीत एक जुने मासिक सापडले. त्यात कोणा हौशी गृहस्थाने माझ्यासारख्याच पेटी कॅमेऱ्याने काढलेला कृत्तिकांचा फोटो होता. मला वाटले, आपणही काढावा. वृषभ राशीत कृत्तिका आणि रोहिणी असे दोन तारकापुंज शेजारी शेजारी आहेत, दोन्ही कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर येतील. अडचण इतकीच, की काच वीस मिनिटे उघडी ठेवावी लागते आणि तोवर आकाश सरकते. गिऱ्हाइकाला 'हलू नका' म्हणता येते. (तान्ह्या पोरांना म्हणूनही उपयोग होत नाही, पण त्यांच्यापुढे खुळखुळा तरी वाजवता येतो.) तेव्हा ताऱ्यांबरोबर कॅमेराच हळूहळू फिरवायचा. त्यासाठी ध्रुवाकडे रोखलेला एक दांडा आणि तो फिरवायला हातचाक हवे.

आपल्या लोहाराने मला वेड्यात काढले, म्हणून स्वामीमलैला रंगा स्थपतीकडे गेलो. तो मूर्ती ओतणारा माणूस. त्याला यंत्राशी काय कर्तव्य? पण 'कृत्तिका' शब्द ऐकताच तो उठून उभा राहिला. त्याच्या स्वामीला, म्हणजे कार्तिकेयाला, पाजून वाढवणाऱ्या त्या सहा आया! दांडा त्याने मूर्तीसारखाच मेणात घडवला आणि ओतला. आपल्याकडे ध्रुव क्षितिजाला इतका टेकलेला, की दांडा जवळजवळ आडवाच बसतो. ते पाहून रंगा म्हणाला, हे आमच्या सारंगपाणीसारखे झाले, निजलेला देव नुकता उठू लागलेला. मग त्याने खाली कमळाच्या पाकळ्याही कोरल्या, आणि कृत्तिका नक्षत्राचा दिवस येईपर्यंत यंत्र काही हातात दिले नाही.

पोंगलच्या आदल्या दिवशी, अमावास्येच्या सुमारास, दिवेलागणीनंतर गच्चीवर चढलो. चाक मीच फिरवत होतो. पाचव्या मिनिटाला मानेवर डास बसला, मी त्याला मारला, आणि काचेवर ताऱ्यांच्या शेवया उतरल्या. दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या मीनाक्षीबाईंनी नेमके कॉफीचे दाणे भाजायला घेतले. वास स्वर्गीय होता, पण स्वर्ग दिसेना. तिसऱ्या वेळी ना डास आला ना धूर, आणि काच धुतल्यावर कळले, की सकाळी तुझ्यासाठी काढलेला सीतेचा फोटो त्याच काचेवर होता! साऱ्या चेहऱ्यावर पांढरे ठिपके. रोहिणी नाकावर आली होती, ती चमकी म्हणून खपली असती. पण कृत्तिका गालावर होत्या. तिरुच्चीकरांनी मुलीला देवी येऊन गेल्या असेच म्हटले असते. म्हणून तो पाठवला नाही.

मी हताश होऊन चाकाला तेल घालत बसलो होतो. गेल्या बुधवारी सीता वर आली आणि म्हणाली, "अप्पा, उठा. मी फिरवते."

"तुला जमायचे नाही. घड्याळावर नजर ठेवून फिरवावे लागते."

"म्हणूनच तुमचे चुकते. ताऱ्यांचा दिवस आपल्यापेक्षा चार मिनिटांनी लहान असतो. तुम्ही घड्याळाबरोबर चालता, मग मागेच पडणार."

वहीत तिने हिशेब मांडून आणला होता. मला तो कळला नाही (कळल्यासारखी मान मात्र हलवली). ती पदर खोचून बसली आणि मनात आकडे मोजत चाक फिरवू लागली. वीस मिनिटे! कपाळावर डास बसलेला मला दिसत होता, पण तिचा हात थांबला नाही. अक्का, बावीस वर्षे मी लग्नाच्या मुलींना 'जरा मान खाली, बाई' असे सांगत फोटो काढत आलो. ही मान वर करून बसली होती, आणि इतकी शोभत होती, की माझाच श्वास चुकत होता.

काच धुतली. तारे मोहरीच्या दाण्यांसारखे टपटपीत! भिंग लावून सीतेने कृत्तिका मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. दुसऱ्या दिवशी रंगा बसने धावत आला, आणि फोटो पाहून त्याचा चेहराच उतरला. "सहाच आया आहेत, सार. या बाकीच्या कोण?"

सीता म्हणाली, "मामा, सहा जणी पाळणा हलवत बसल्या, तर दूध तापवायला आणि अंगडी शिवायला माणसे नकोत?"

रंगाने विचार केला, फोटोला हात जोडले आणि कारखान्यात लावायला एक प्रत मागितली.

तुझ्यासाठीही एक प्रत सोबत जोडली आहे. थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि माझ्यावरचा राग दह्याबरोबर गिळून टाकावा.

तुझा,
गुरुमूर्ती

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. सीतेला इंटरनंतर भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. करायचे आहे, आणि तसे मुलींचे कॉलेज तुझ्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. दोन वर्षे तिला ठेवून घेशील का? तिरुच्चीकरांना थांबायला सांग, नाही थांबले तर त्यांचे शुभ होवो. भावोजींचा कल पाहून सावकाश कळव. नाही म्हणालीस तर मी पोरीची समजूत घालीन.

आणखी ता. क. वन्सं, हे कामाक्षीच्या हातचे. ह्यांनी चार दिवस भीत भीत हे पत्र लिहिले. समजूत घालायची काही गरज नाही. अर्जाचा कागद मी मंगळवारीच मागवला आहे, तुमच्या पत्त्यावर येईल, तो नीट ठेवा. पोरगी जूनमध्ये येते. ताकाशिवाय जेवत नाही, बाकी तिचा काही त्रास नाही.