माझ्या नावाचं गांडूळ

३ मार्च
माझ्या संग्रहातली बाटली नंबर २१२ पुन्हा पाहिली. असं गांडूळ जगात दुसरं नाही. पण आपण शोधलेल्या प्राण्याला आपलंच नाव द्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी त्याच्यावर पेपर लिहील आणि नाव माझं देईल. मी फक्त संकोचायचं. आरशासमोर सराव चालू.

९ मार्च
तिचा पेपर तपासायला माझ्याकडेच आला. परीक्षकाचं नाव गुप्त असतं, त्यामुळे तिला पत्ता नाही. उघडला तर गांडूळ भलतंच. आमच्या बाल्कनीच्या कुंडीत बायकोला सापडलेलं, आणि नावही बायकोचं. का, तर तीस वर्षं सरांचा संग्रह यांनीच जपला. जपला म्हणजे काय, दर महिन्याला बाटल्यांतलं उडून गेलेलं स्पिरिट भरून काढते. मग दूधवाल्याच्या नावानेही एखादं गांडूळ काढा.

१० मार्च
अभिप्राय, नऊ पानं. मला टायपिंग येत नाही, बायकोला सांगितलं. 'कुंडीतलं गांडूळ नवं नाही. सदर बाईंचं विज्ञानातलं योगदान शून्य.' कोण बाई ते बोललो नाही. तिला काय कळतंय. शून्य अंकात लिहू की अक्षरात, एवढंच तिने विचारलं. म्हटलं अक्षरात, वजन येतं.
संध्याकाळी चहा नाही. तिचं डोकं दुखत असावं.

२ एप्रिल
पेपर नामंजूर. विद्यार्थिनी फोनवर रडली. परीक्षक नीच आहे म्हणाली. मी धीर दिला, आता २१२ घे म्हटलं. नोव्हेंबरात येईन म्हणाली.

१९ जुलै
बायको दिवसभर कुंड्यांत. संग्रहाच्या खोलीकडे फिरकत नाही. खोलीतला स्पिरिटचा वासही गेलाय, प्रसन्न वाटतं. सत्काराचं भाषण तिथेच बसून लिहितो. संकल्प: सोमवारपासून एकेक बाटली पाहणे.

१४ नोव्हेंबर
विद्यार्थिनी आली. भाषण माझ्या खिशात. २१२ काढली. तळाला काळी खपली. चिमट्यात धरताच भुगा. बाकीच्याही बाटल्या कोरड्या ठणठणीत. आता यातलं काही ओळखता येणार नाही, म्हणाली.
बायकोला जाब विचारला. कुंडीला पाणी घालता घालता म्हणाली, शून्य योगदान बंद केल्याने काय कमी होणार, अक्षरात टाइप करून दिलं होतं की.
विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेली. तिने बायकोचा निरोप घेतला, माझा नाही.
संकल्प: स्पिरिट कुठे मिळतं ते बायकोला विचारणे. पुन्हा बोलायला लागली की.