पुलावरची शिट्टी

मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५

आली! टेनेसीहून, ट्रेलरवर, ताडपत्रीत गुंडाळलेली. नुसतं धुराडं बाहेर. वाफेचं इंजिन, मेबल तिचं नाव. ट्रेलरचे रूळ आमच्या रुळांना जुळवून तिला खाली घेता घेता दुपार संपली. तिचा मालक हॉलिस, सत्तरी ओलांडलेला, सडसडीत. तोंडातली काडीसुद्धा हलली नाही त्याच्या. घाम मला फुटलेला.

फुटणारच. बोलावलंय मी. कमिटीत हट्ट माझाच होता — आमच्या हौशी रेल्वेच्या अरुंद रुळांवर इतकी वर्षं एकटा सात नंबर धावतोय, लोकांनी तेच ते इंजिन किती वेळा बघायचं? बाहेरची पाहुणी आणा, मग बघा गर्दी! लोरेटा आमची अध्यक्ष. शाळेची प्रिन्सिपॉल होती, अजून सगळ्यांकडे चष्म्यावरून बघते. म्हणाली, ठीक आहे पाल, पाहुणी तुझी, जबाबदारीही तुझी. (प्रल्हाद त्यांच्या जिभेवर मावत नाही. मी पाल.)

अकरा तारखेच्या शनिवारी जत्रा. मॉरिसव्हिलहून आमच्या मराठी मंडळाची माणसं दोन डबे भरून येणार. आता काही बिघडायला नको.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सकाळी वर्कशॉपमध्ये पूजा. लेथना, मिलिंग मशीनला हळद-कुंकू, झेंडू. कोल्हापुरात उद्यमनगरात पोऱ्या म्हणून लागलो तेव्हापासून चुकलेली नाही. तेव्हा मशीन दुसऱ्याचं होतं, एवढाच काय तो फरक.

उरलेला झेंडू घेऊन शेडवर गेलो. सात नंबरला हार घातला. मग पाहुणीलाही. हॉलिस बघत होता. सांगितलं, आज आम्ही हत्यारांचे आभार मानतो. त्याने टोपी काढली. थोड्या वेळाने विचारतो, "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस तेल घालतो."

हसला! आल्यापासून पहिल्यांदा.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मेबलची पहिली फेरी, रिकामे डबे जोडून. पाहुणं इंजिन त्याच्या माणसानेच चालवायचं, हा सगळीकडचा रिवाज. यजमानाने शेजारी उभं राहून वाट सांगायची — पुढे वळण, पुढे चढ. तो वाटाड्या मी. घरात पाहुण्याच्या ताटाशी उभं राहावं तसं.

ओढ्यावरचा लाकडी पूल जवळ आला. आमचा सात नंबर पुलावर चढतो तो शिट्टी फुंकत, आणि उतरेपर्यंत ती थांबत नाही. माझीच कल्पना. लोक कानांवर हात ठेवून हसतात, फोटो काढतात. प्रसन्न (सात नंबरवरचा माझा जोडीदार, एरवी आयटीवाला) दोन्ही हातांनी शिट्टीची दोरी ओढतो. हॉलिसला म्हटलं, इथे वाजव. त्याने मान हलवली. त्याच्या वडिलांची शिकवण — पुलावर शिट्टी नाही. असेल बुवा. प्रत्येक घराचं सोवळं वेगळं.

पूल संपता संपता चढ लागतो. हॉलिसने वाफ वाढवली आणि — टक्.

एकदाच. पायांखालून आला. लाकडी ठोकळा जमिनीवर ठेवावा तसा.

हॉलिसकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज पुन्हा. प्रत्येक फेरीला. पुलाच्या शेवटी जोर लागला की टक्. सपाटीवर काही नाही, उतारावर काही नाही. म्हणजे भार आला की बोलतं. चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग ढिलं झालेलं असणार. असला आवाज मी पार्टिशनपलीकडून ओळखतो. वर्कशॉपमधली पोरं म्हणतात, साहेबांना बेअरिंग मरायच्या आधी कळतं.

दांडा तुटला तर? खाली ओढा. मागे डबे, डब्यांत मंडळ.

घरी बायकोला, शुभाला सांगितलं. म्हणाली, "मैलभर लांबचं इंजिन ऐकू येतं. घरात हाक मारली की तेवढं येत नाही."

हसलो. पण जेवण गेलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कामात लक्ष नाही. कुणी पाना खाली ठेवला तरी दचकतोय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

प्रसन्नला रजा टाकायला लावून मेबलवर उभं केलं. पूल ओलांडला. टक्! मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणतो, काका, मला तर नुसतं इंजिनच ऐकू येतंय यार. हेडफोन लावून वाढलेली पिढी. पण मग मनात आलं, हे माझ्याच कानांत तर नाही ना? वय झालंय. राधिका मागेच म्हणाली होती, बाबा, गेट युवर इअर्स चेक्ड. तेव्हा केवढा चिडलो होतो तिच्यावर.

डबा खाताना हॉलिसजवळ विषय काढला. आडून, गोड बोलून. दुसऱ्याच्या इंजिनात खोट काढायची म्हणजे त्याच्या लेकीला नाव ठेवण्यासारखं. त्याने सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "मलाही ऐकू आलं. घरी ती असं करत नाही."

कान शाबूत आहेत तर! आधी तेच डोक्यात आलं. मग दुसऱ्या वाक्याचा राग आला. घरी करत नाही! आपला तो बाब्या. सगळे मालक सारखेच. माझ्याकडे गिऱ्हाईकं पार्ट परत घेऊन येतात तेव्हा मीही हेच म्हणतो — इथून निघाला तेव्हा ठीक होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सांगावं की गप्प बसावं? पोस्टरवर मेबलचं चित्र. तिकिटं तिच्या नावावर खपलीत. आणि हॉलिस सांगत होता, यंदा गुडघ्याचं ऑपरेशन, पुन्हा प्रवास जमेल असं वाटत नाही. म्हणजे तिची ही शेवटची पाहुणकी.

आणि टक्.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आमच्याकडे एक नियम आहे. झाडू मारणाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत कुणीही हात वर केला की गाडी थांबते. कारण नंतर विचारायचं. मी आल्यापासून तो हात कुणी वर केलेला पाहिला नव्हता.

आज मी केला.

लोरेटा चष्मा काढून बसली. तिने एकच विचारलं, खात्री आहे? म्हटलं, आवाजाची आहे. मग ती हॉलिसकडे वळली. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने काडी तोंडातून काढली, म्हणाला, तुमची लाइन, तुमचा शब्द. उठून मेबलपाशी गेला आणि फडक्याने पुसत बसला. स्वच्छच होती ती.

ठरलं ते असं — मेबल स्टेशनात उभी राहील, नुसती बघायला. फेऱ्या सगळ्या सात नंबरच्या.

शनिवार, ११ ऑक्टोबर

पार पडलं! गर्दी अशी की पार्किंगला शेजारचं शेत घ्यावं लागलं. मंडळाचे दोन डबे गच्च. शुभाने सगळ्यांना बाकरवडी वाटली, पुढच्या डब्यातल्या अमेरिकनांनाही. मंडळातला हेमचंद्र म्हणाला, प्रल्हादराव, तुमची ती पाहुणी रुसून बसली वाटतं. सगळे हसले. मीही हसलो.

सात नंबर दिवसभर धावला. डबे भरून, एकामागून एक. प्रत्येक वेळी पुलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिट्टी. प्रसन्नचे हात भरून आले. आतली माणसं ओरडतायत, पोरं कान झाकतायत. मी चालवत होतो. आज आठवड्यात पहिल्यांदा खांदे खाली आले. टक् नाही, काही नाही. आपलं इंजिन ते आपलं.

फक्त स्टेशनात परत शिरताना दर वेळी तो दिसायचा. इस्त्री केलेला ओव्हरऑल, मेबलच्या पायरीशी उभा, लोकांना सांगतोय ही केव्हाची, कुठली. कुणीतरी विचारलं, ही चालत नाही का? त्याने काय उत्तर दिलं, ऐकू आलं नाही. ऐकायचं नव्हतं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

ट्रेलर दुपारी यायचा होता. सकाळी शेडवर पोचलो तर हॉलिसने मेबलचे दोन्ही बाजूंचे दांडे खोलून फडक्यावर मांडलेले. कालपासून लागला होता. एकटा. दुखऱ्या गुडघ्यावर बसून.

बेअरिंगची पितळी वाटी माझ्या हातात दिली. मग दुसरी. मग बाकीच्या. अंगठा फिरवला. खड्डा नाही, चरा नाही. पिनवर ठेवून हलवून पाहिलं — केस जाईल एवढीसुद्धा ढिलाई नाही. इतकं सुंदर काम माझ्या वर्कशॉपमधून वर्षाकाठी दोनदा निघालं तरी मी पेढे वाटीन.

सॉरी म्हटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज ऐकला आणि बोललास. मीही तेच केलं असतं."

दांडे परत चढवायला मदत केली. तिला ट्रेलरवर चढवलं. दसऱ्याचा झेंडू अजून तिच्या दिव्याला अडकलेला, वाळून काळा पडलेला. काढायला गेलो तर म्हणाला, राहू दे.

ट्रेलर वळणाआड गेला, तरी रस्त्यावर उभाच होतो.

आवाज तर दोघांनी ऐकला. तिच्यात नव्हता. मग होता कुठे?

सात नंबरवर कधीच आला नाही. त्या पुलावरून तर आपण नेहमी —

नाही. उद्या बघू. लोरेटाला फोन केला, उद्याच्या शाळेच्या सहलीला गाडी नाही म्हणून कळव. का, म्हणाली. म्हटलं, पुन्हा हात वर केलाय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सात नंबर, डबे नाहीत. फक्त मी आणि प्रसन्न, माणूस चालेल इतक्या हळू. त्याला सांगितलं, दोरीला हात लावायचा नाही.

टक्.

तिथेच, पुलाच्या शेवटी.

इंजिन पलीकडे उभं केलं, ओढ्यात उतरलो. शेवटच्या खांबाचं डोकं कुजलंय. तुळई त्यावर टेकलेलीच नाही. वजन आलं की खाली बसते, गेलं की वर उठते. मधल्या फटीत माझा अख्खा पंजा गेला, मनगटापर्यंत.

प्रसन्न माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. वाकून फटीत बघितलं. मग म्हणाला, "काका, हे कधीपासून?"

म्हटलं, माहीत नाही रे. आपण शिट्टी वाजवत होतो.