क्लचचा अर्धा इंच

प्रिय बाबा,

तुमचं घर माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे आणि तरी मी पत्र लिहिते आहे. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, एवढं तुम्ही ओळखालच. सोमवारी सकाळी आयव्हरकाका त्यांची साखळी-कप्पी घेऊन तुमच्या गॅरेजात येणार आहेत. वय चौऱ्याहत्तर, कमरेला पट्टा, आणि ते तुमच्या हिरव्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढणार. कारण फेब्रुवारीत त्यांनी क्लच नीट बसवला नाही, असं तुम्ही जुन्या गाड्यांच्या क्लबच्या सगळ्या मंडळींसमोर त्यांना सुनावलंत. ते येण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी मागच्या रविवारीच सांगायला हवी होती.

रिव्हर्स टाकताना करकर आवाज येऊ लागला तो मे महिन्यात. तुम्ही मला चौदाव्या वर्षी शिकवलंत त्याच क्रमाने आपण सुरुवात केली: आधी सोपं, मग अवघड, आणि गिअरबॉक्सवर संशय सगळ्यांत शेवटी. इंजिन बंद असताना सगळे गिअर निमूट पडत होते. इंजिन चालू ठेवून, तुम्ही क्लच दाबून, दहापर्यंत मोजून रिव्हर्स टाकलात तरी दात घासायचेच. म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. क्लच दाबला तरी इंजिनची पकड पुरती सुटत नव्हती. मग क्लचचं तेल पाहिलं, त्याच्या नळीतली हवा दोनदा काढली. पेडल भराभर चार वेळा मारून पाहिलं, फरक शून्य. खालच्या सिलिंडरचं रबर उचलून पाहिलं तर आत कोरडं ठणठणीत, म्हणजे गळती नाही. मागच्या रविवारपर्यंत राहिलं ते फक्त मोजमाप. गाडी उतरत्या लोखंडी फळ्यांवर चढवली, तुम्ही सीटवर बसून पेडल दाबलंत आणि मी पट्टी घेऊन खाली आडवी झाले. क्लचला ढकलणारा दांडा अर्धा इंच सरकायला हवा. तो पाव इंचाहून जेमतेम जास्त सरकला. मी आकडा ओरडून सांगितला आणि वरून तुमचा आवाज आला, “म्हटलं नव्हतं? आत आयव्हरने माती खाल्लीय.” मग तुम्ही चहा ठेवायला आत गेलात.

गुरुवारी पबमध्ये क्लब जमला तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मी कोपऱ्यातून काय पाहिलं ते सांगते. “काय रे आयव्हर, जुनीच प्लेट पुसून परत घातलीस की काय?” असं तुम्ही म्हणालात तेव्हा सगळे हसले, कारण तुम्ही दोघे पन्नास वर्षं एकमेकांना असंच बोलत आला आहात. “हसताय काय,” तुम्ही म्हणालात, “याच्या हातात गाडी देण्याआधी विचार करा.” मग कुणी हसलं नाही. साध्या वॉशरवरून अर्धा तास वाद घालणारा तो माणूस ग्लासकडे बघत म्हणाला, “असेल, लेनर्ड. हात पूर्वीसारखा राहिला नाही. सोमवारी परत उघडतो.” घरी येताना तुम्ही मला म्हणालात, “बघ, कबूलच केलं ना त्याने!” मी “हं” म्हणाले. त्या “हं”ची मला लाज वाटते.

कारण त्या रविवारी तुम्ही चहा करत होतात तेव्हा मी उगाच एक शंका फेडून घ्यावी म्हणून गॅरेजातली एक फळी घेतली. तिचं एक टोक सीटच्या चौकटीला टेकवलं, दुसऱ्या टोकाने पेडल अगदी तळाशी अडकवून टाकलं आणि परत खाली शिरले. दांडा पूर्ण अर्धा इंच सरकलेला होता. मी फळी काढली, परत लावली, परत मोजलं. तीनदा तोच आकडा. क्लच ठीक आहे, बाबा. पेडल तळापर्यंत जात नाही, कारण तुमचा डावा पाय ते तिथवर नेत नाही. तुम्हाला वाटतं नेला, पण तो नेत नाही. आणि हे कळल्यावर बाकीचं आपोआप आठवत गेलं: तुमच्या डाव्या बुटाचं झिजलेलं टोक, पायातून निसटणारी तेवढी डावीच सपात, ईस्टरला जिन्यात अडखळलात तेव्हा गालिच्याला दिलेल्या शिव्या.

मी गप्प का बसले? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, हे पहिलं उत्तर. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. गाडी बिघडलेली राहिली की तुम्ही रस्त्यावर जाणार नाही, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही, ही सोय मला बरी वाटली. त्या सोयीपायी बोल मात्र दुसऱ्याला लागला.

काल मी आयव्हरकाकांकडे गेले. ते बागेत घेवड्याच्या वेलांना काठ्या लावत होते. मी सगळं सांगून टाकलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. “करकर सुरू झाल्यावर एकदा तुझा बाप आत फोनवर बोलत होता तेव्हा मी गाडी गल्लीतून फिरवून आणली होती. गिअर लोण्यासारखे पडतात.” मग बोलला का नाहीत, असं मी जवळजवळ ओरडलेच. “काय बोलणार, पोरी? क्लच खराब म्हटला तर माझं दोन दिवसांचं काम. त्याचा पाय खराब म्हटला तर...” पुढचं त्यांनी काठीबरोबर मातीत खुपसलं. पुढची काठी उचलत म्हणाले, “चार दिवस लोकांनी वाईट मेकॅनिक म्हटलं म्हणून मी मरत नाही. पण तू सांगणारच असशील तर सोमवारच्या आत सांग. माझी कंबर तुझे उपकार मानेल.”

म्हणून हे पत्र. मंगळवारी सव्वादहाला मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुम्हाला न विचारता. रागवा, पण चला. पाठीतली एखादी नस दबली असेल किंवा काही मोठं असेल, मला माहीत नाही आणि मी तर्क करणार नाही. आज दुपारी हे दाराच्या फटीतून आत सरकवीन, बेल वाजवणार नाही. वाचून झालं की आधी काकांना फोन करा, मला मागाहून. “इंजिन उतरवू नकोस” एवढं म्हणालात तरी पुरे, असं ते म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच परत घ्यायला हवं, येत्या गुरुवारी. तुम्ही उभे राहिलात की मीही शेजारी उभी राहीन. तुम्हाला निदान खरं ठाऊक नव्हतं. मला होतं.

तुमचीच,
हेस्टर