चवीचं तेवढं लिहा

रविवार, ९ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं, मसाल्याचं पार्सलही धड पोचलं. दादाच्या गुडघ्याला आराम पडला हे वाचून बरं वाटलं. त्याला म्हणावं, आता उगाच जिने चढून पराक्रम दाखवू नको. इथे थंडी सुरू झाली आहे. तुम्ही विणलेला मफलर मी घालतो आणि जिममधले सगळे त्याच्या रंगावरून माझी टर उडवतात.

पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, शेजारच्या काकूंनासुद्धा माझं वजन पाठ आहे. हे पत्र तुम्ही एकट्या वाचा. निदान पहिल्यांदा तरी.

तुम्ही लिहिलंय, ‘भावजी, तुम्ही जेवणाचं लिहिता ते भांडी विकणाऱ्यासारखं. वाडगा केवढा, पाव किती कडक, रस्सा किती गरम. चवीचं तेवढं लिहा की.’ दादा हे वाचून हसला असेल. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं खानावळ चालवणाऱ्या बाईला आपण फसवू शकू असं मला वाटलंच कसं, कोण जाणे.

मी आलो तेव्हाची पत्रं काढून बघा, त्यात चव आहे. मंडईतल्या म्हातारीने सुरीच्या टोकावर दिलेला चीजचा तुकडा, आधी तोंड वाकडं केलं आणि मग अर्धा किलो घेतलं, ते सगळं खरं होतं. सकाळी धावायला मी मुद्दाम लांबच्या गल्लीतून जायचो, कारण तिथे बेकरी होती. भट्टीतून पाव निघत असायचे आणि त्या वासावर मी शेवटचा चढ चढायचो. बेकरीवाला मला एक पाव फुकट द्यायचा आणि त्या बदल्यात त्याच्या भाषेतला एक शब्द पाठ करून घ्यायचा. माझी निम्मी भाषा पावांवर झाली आहे.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण तेही मी तुम्हाला नीट सांगितलेलं नाही. कागदावर मी व्यावसायिक बॉक्सर आहे. सुरुवातीला लढतीही झाल्या, त्यांचे फोटो तुमच्या भिंतीवर आहेत. पण वर्षभर झालं, माझी स्वतःची एकही लढत नाही. आमच्या जिमचा एक चॅम्पियन आहे. त्याला सरावात मारायला कोणीतरी लागतं, जो लवकर पडणार नाही आणि फार जोरात परतही मारणार नाही. तो मी. इथे मला ‘भिंत’ म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटायचा.

जूनमध्ये भिंत पडली. त्याचा डावा ठोसा बसला, मी मागच्या मागे गेलो आणि डोकं जमिनीवर आपटलं. रक्त नाही, काही नाही. उठलो, पाणी प्यायलो, दुसऱ्या दिवशी परत उभा राहिलो. आठवड्याभराने बेकरीवरून धावताना लक्षात आलं की बेकरी मागे पडली आणि मला कळलंच नाही.

वहिनी, मला वास येत नाही. कशाचाच. जिभेला मीठ कळतं, साखर कळते, तिखट झोंबतं, बाकी सगळं ओला पुठ्ठा. माझा खोलीतला जोडीदार वजन उचलणारा आहे, स्वभावाने थट्टेखोर. त्याने मला डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली कॉफीचा डबा धरला. मी अंदाजानेच म्हटलं, कॉफी. मग दुसरं काहीतरी धरलं. मी परत म्हटलं, कॉफी. त्याच्या हातात त्याचा मोजा होता. तो पोट धरून हसला, मग माझ्याकडे बघून त्याने मोजा खाली ठेवला. मागच्या महिन्यात मी गॅस उघडा टाकून पलंगावर पडलो होतो, तुमच्या चिमीचा इथे यायचा व्हिसा आल्याचा मेसेज वाचत. हाच धावत आला, खिडक्या उघडल्या आणि मला शिव्या घातल्या. त्या शिव्यांमुळे मी आज पत्र लिहितोय.

तुमचं मागचं पार्सल फोडलं तेव्हा शेजारच्या खोल्यांतली पोरं दारात जमली, काय आहे काय आहे करत. मी पिशवीत नाक खुपसून बसलो होतो. मी तुम्हाला लिहिलं की घर आठवलं. खोटं लिहिलं. मला फक्त शिंक आली.

डॉक्टर म्हणाले, वासाची नस तुटली आहे, वास परत येईल असं वाटत नाही. आणि पुढचा मार काय घेऊन जाईल ते सांगता येणार नाही. मी ते जिमच्या मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, ‘नाकाने कोण लढतं?’ सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

आता चिमीचं. मालक मुलींचा विभाग काढतायत हे खरं आहे. तुमच्या पोरीला त्यांनी पसंत केलं हेही खरं. पण तिची लढत बघून नाही. ते मला म्हणाले, ‘तुझीच पुतणी ना? तुमच्या घरातली माणसं पडत नाहीत.’ त्यांच्याकडे एक मुलगी आहे, पुढची चॅम्पियन. तिला भिंत हवी आहे. चिमी तुम्हाला सांगतेय की ती लढायला चालली आहे. ती उभं राहायला चालली आहे.

म्हणून मी शुक्रवारी मालकांना सांगितलं की ती येणार नाही, घरच्यांचा नकार आहे. तुम्हाला न विचारता तुमच्या नावावर नकार दिला, त्याबद्दल काय रागवायचं ते रागवा. मालक चिडले आहेत. माझा करार मार्चला संपतो, पुढचा मिळणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उद्यापासून चॅम्पियनचा मोठा सराव आहे, त्यात मी असेन. सोडून का येत नाही, असं तुम्ही विचाराल. मला रिंगची भीती वाटत नाही, वहिनी. तुम्ही ताट वाढाल, समोर बसाल आणि विचाराल, भावजी, कसं झालंय. त्याची वाटते.

चिमी रडेल. काका जळतोय म्हणेल, बोलणं टाकेल. म्हणू द्या. अगदीच ऐकेना तर हे पत्र तिच्या हातात द्या. तेही पटलं नाही, तर तिला तुमच्या स्वयंपाकघरात उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि विचारा, चुलीवर काय आहे. ती एका क्षणात सांगेल, वर मीठ घालायचं राहिलंय म्हणून तुम्हालाच ऐकवेल.

तेवढं तिचं तिच्याकडे राहू द्या.

तुमच्या हातचं सगळं अजून पाठ असलेला,
भावजी