पुढची बंदूक

घरून, ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वारा सुटला की बंदरावरच्या क्रेनची केबिन झुलते असं तू लिहिलंस, ते आईला वाचून दाखवताना मी गाळलं. तुला सांगून ठेवते, नाहीतर तिला काळजी कशी वाटली नाही म्हणून तू रुसशील.

बाबांचं सध्या एकच चाललंय. पॉइंट टू-टू रायफल. एअर रायफलवर नेमबाजीच्या क्लबात त्यांच्या तोडीचं कोणी उरलं नाही, आता काडतुसाची हवी. तिथे कोणी कोणाला बरं आहे का असं विचारतच नाही, पुढची कोणती असं विचारतात. शिंपीकाकांना हवेवरचं पिस्तूल हवंय, औषधवाल्या काकांना दुनळी बंदूक. काकू म्हणाल्या की दुनळी घरात आली तर मी माहेरी जाईन. काका म्हणाले, मग दोन्ही कामं एकदमच होतील.

बाबांनी कॅटलॉगातलं ते पान माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतलंय की नळीची लांबी, चापाचा दाब, दस्त्याचं लाकूड, सगळं मला पाठ झालंय. आकडा चुकला की लगेच पकडतात. अक्षर येत नसलं तरी जन्म लेथवर गेलाय, माप कानाने तपासतात.

सकाळचा सराव चालूच आहे. शिलाई मशीनच्या वर भिंतीवर काळा ठिपका काढलाय, त्यावर रिकाम्या बंदुकीने नेम धरायचा आणि चाप ओढायचा. त्याआधी बंदूक खोलून दुसऱ्याला दाखवायची, त्याने आत बघायचं आणि रिकामी असं म्हणायचं, हा क्लबाचा नियम. लहानपणी ते काम माझं होतं. मी एक डोळा मिटून इतका वेळ बघत बसायचे की बाबा विचारायचे, आत काय विहीर आहे का. आता मला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लवकर पोचावं लागतं, म्हणून रिकामी असं आई म्हणते. मशीनवरून मान न वळवताच म्हणते. मी टोकलं तर म्हणाली, तू तुझ्या बाटल्या तपास, मला नको तपासूस.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. परवा क्लबातून येताना बाबांना आपली गल्ली सापडेना. औषधवाले काका घरी सोडून गेले. गप्पांच्या नादात लक्ष नव्हतं, असं बाबा म्हणाले. असेलही.

परवान्यासाठी घरातल्या कोणीतरी कचेरीत जाऊन साहेबांना सांगावं लागतं की बंदूक घरात सुरक्षित राहील. बाबांनी मला निवडलंय. शिकलेली आहे, नीट बोलेल, म्हणाले. चारचौघांत म्हणाले. मला बरं वाटलं आणि ती चुकलेली गल्लीही आठवली.

लोभ आहेच, आणखी केलास तर नको म्हणणार नाही.

तुझी,
बहीण

*

बंदरावरून, १५ फेब्रुवारी

चि. काटेकोरबाई हिस,
अ. उ. आ.

गल्ली चुकली म्हणून एवढी काळजी? मी इथे दर रविवारी चुकतो. तू लहानपणी दूध उतू गेलं तरी सगळ्यांची माफी मागायचीस, अजून तशीच आहेस.

बाबांनी जन्मभर लोकांच्या पंपांचे भाग कातले. स्वतःसाठी हौसेने मागितलेली ही पहिली वस्तू. कारखाना सुटल्यावर चार महिने ते भिंतीकडे बघत बसायचे, ते आठवतं ना? क्लबाने त्यांना उठवलं. तेव्हा साहेबांपुढे खणखणीत हो म्हण आणि ये. रायफलवर बसवायची दुर्बीण मी सुट्टीत घेऊन येतो, पण हे त्यांना सांगू नकोस. तुला न सांगणं जमतं का, हा प्रश्नच आहे.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

*

घरून, ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या हातात मशीनची सुई घुसली असं मी कार्डावर कळवलं होतं. मला तेच सांगितलं गेलं होतं.

सूज उतरेना म्हणून काल तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि मला एकटीला आत बोलावलं. अंगठ्याच्या मुळाशी एअर रायफलचा छर्रा होता. तो काढून त्यांनी कापसात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं आणि सांगितलं. आदल्या दिवशी क्लबात भरलेला छर्रा बाबांकडून आत तसाच राहिला होता. सकाळी त्यांनी नियमाप्रमाणे बंदूक खोलून तिच्यापुढे धरली. ती शिवणात होती, न बघताच रिकामी म्हणाली. नंतर ती दोरा घ्यायला उठली, तिचा हात वर ठिपक्यापुढे गेला आणि तेवढ्यात बाबांनी चाप ओढला. बाबांनीच धावत जाऊन फडकं बांधलं, रडलेसुद्धा. आणि दुपारी जेवताना तिला विचारलं, हाताला काय गं झालं. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सुई असं सांगितलं. दादा, ती म्हणाली की छर्ऱ्याला मी भ्यायले नाही, त्या प्रश्नाला भ्यायले.

आता तिचं म्हणणं असं की चूक तिची आहे. तिने बघितलं असतं तर काहीच झालं नसतं. मी कचेरीत तोंड उघडलं तर बाबा पुन्हा भिंतीकडे बघत बसतील आणि ते पाप मला लागेल. तिने माझ्याकडून शब्द मागितला. मी दिला नाही. दिला नाही म्हणून ती रात्री जेवली नाही.

साहेब मला एकच प्रश्न विचारणार आहेत. हो म्हटलं तर बाबांना रायफल मिळते, आणि ती छर्ऱ्यावर थांबणारी वस्तू नाही. नाही म्हटलं तर बाबा आपल्या हातून जातात. लवकर लिही. मोठा तू आहेस.

लोभ आत्ता फार लागतोय.

तुझी,
बहीण

*

बंदरावरून, १४ मार्च

चि. बहिणीस,
अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. तरी हो म्हण. काडतुसं कुलपात ठेव, किल्ली तुझ्या गळ्यात घाल. सकाळी बाबा बंदूक दाखवतील तेव्हा तूच आत बघ, कामाची वेळ बदलून घे. घरात सांभाळता येईल. परक्या साहेबासमोर आपल्या बापाला उघडं पाडायची गरज नाही.

मी मोठा आहे म्हणून सांगतोय. ऐक.

दादा

*

घरून, ९ एप्रिल

चि. मुलास,
अनेक आशीर्वाद.

मी, तुझा बाप, सांगतोय आणि तुझी बहीण लिहितेय. दुसरं कोणी लिहिणारं घरात नाही म्हणून तीच.

काल कचेरीत गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी मला बंदूक कुठे ठेवणार, काडतुसं कुठे, सगळं विचारलं. मी एकही उत्तर चुकलो नाही. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी माणसं आली तर आमचं काम हलकं होईल. मग त्यांनी तुझ्या बहिणीला विचारलं, तुमचं काय म्हणणं. तिने खिशातून कापूस काढला आणि आईच्या हाताबद्दल खोटं सांगितलं. आईला मशीनची सुई लागली हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग मला गल्ली सापडत नाही असंही म्हणाली. त्या साहेबांसमोर म्हणाली.

परवाना मिळाला नाही. एअर रायफलही क्लबाने कपाटात ठेवून घेतली. शिंपी माझ्याशी आता लहान मुलाशी बोलावं तसं हळू बोलतो.

हिला शिकवली ती माझी चूक झाली. हे लिहिलंस का, असं मी तिला विचारलं. तिने वाचून दाखवलं. लिहिलंय.

तू ये आणि साहेबांना खरं काय ते सांग. रायफल कॅटलॉगात डाव्या पानावर खालून दुसरी आहे. दुसऱ्या कोणी नेण्याआधी ये.

तुझा बाप, अंगठा उठवला आहे.

(वरचं सगळं बाबांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझ्याकडून काही नाही.)

*

बंदरावरून, २ मे

चि. बहिणीस,
अ. उ. आ.

बाबांना वाचून दाखवायचं पान वेगळं जोडलंय. त्यात मी येतोय एवढंच आहे, रायफलचं काही नाही. तू लिहिलंय तसंच वाचणार, म्हणून खोटं घालता आलं नाही.

मला तुझा राग आला होता. मी असतो तर हो म्हणून आलो असतो. मग एक दिवस केबिनमध्ये बसल्या बसल्या आईचा हात वर जाताना दिसला. आता रोज दिसतो. रागावताही येत नाही आणि न रागावताही राहवत नाही.

बाबांचं ते पत्र तू कसं लिहिलंस गं? मला एक शब्द लिहिता आला नसता.

लोभ होता तिथेच आहे. थोडा लपून बसला होता.

तुझा,
दादा

*

घरून, २१ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू येऊन गेल्यावर घर मोठं वाटतंय. आईचा अंगठा अजून मिटत नाही. सुईत दोरा मी ओवून देते, आणि ती दोरा तपासून घेते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

गेल्या रविवारी शिंपीकाका आणि औषधवाले काका आले होते. दुनळी अखेर आली, आणि काकू अजून इथेच आहेत. औषधवाल्या काकांनी सवयीने बाबांना विचारून टाकलं, पुढची कोणती, आणि मग स्वतःच चहाच्या कपात बघत बसले. बाबा पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसले. कॅटलॉगचं पान मी बाबांच्या उशीखाली ठेवत होते. आईने काढून घेतलं, आता ते विचारत नाहीत.

एप्रिलमधलं ते पत्र सांगून झाल्यापासून बाबा माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. जे हवं ते आईला सांगायचे, मी समोर असले तरी.

आज सकाळी मी कामाला निघाले होते. बाबा ठिपक्यासमोर उभे होते, पाय बरोबर फाकवून, खांदा टेकवून, हातात काहीच नाही. त्यांनी ते काहीच नसलेलं खोललं आणि वळून माझ्यापुढे धरलं. मला म्हणाले, मॅडम, जरा बघता का. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. इतक्या अदबीने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

आई मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. मी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, वाकले आणि एक डोळा मिटून त्यांच्या ओंजळीत नीट बघितलं. बराच वेळ बघितलं, दादा. विहिरीचं ते म्हणतील म्हणून वाट बघितली.

मग रिकामी असं म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि नेम धरला.

उद्यापासून कामाची वेळ बदलून मागितली आहे. दुपारची मिळेल.

लोभ ठेव. इथे आता मागता येईल असा तुझाच आहे.

तुझी,
बहीण