गायरान आणि मागून आणलेला इस्तू

माय,

पौष चालू आहे आणि मी पंखा लावून तुला लिहिते आहे. पौषात उन्हं अंगणात उतरेपर्यंत तू खांद्यावरची वाकळ काढत नसायचीस. इथं घाटावर, बुलढाण्यात, ही गत असेल तर घाटाखाली आपल्या गावात काय होत असेल, याचा विचार मी टाळते आहे, पण भाऊ टाळू देत नाही. सकाळी त्याचा फोन आला. तुरीचा फुलोरा गळाला, हरभरा घाटे धरायच्या आतच पिवळा पडला, असं सांगत होता. मधेच थांबून म्हणाला, "ते राहू दे ताई. उद्याच्या ग्रामसभेत तू कोनाकडून बोलनार हायेस, तेवढं सांग." मी म्हणाले, उद्या बघू. "बघू म्हननारं मानूस नाहीच म्हनत असते," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

हा कागद पाठकोरा आहे. दुसऱ्या बाजूला माझ्याच एका भाषणाची जाहिरात छापलेली आहे, मोठ्या अक्षरांत माझं नाव आणि खाली विषय: सूर्य सगळ्यांचा. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. नंतर बोलायला लागले, आणि बोलतच राहिले. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, सुलतानपूरपासून नांदुऱ्यापर्यंत ज्या गावानं बोलावलं तिथं गेले. कोळशाचा धूर कोणाच्या छातीत जातो आणि त्याची वीज कोणाच्या घरात जाते, हे विचारत आले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या वावरात जाळू नका म्हणाले. थर्माकोलच्या पत्रावळींवर जेवण असेल तर मी जेवत नाही. आपल्याच वस्तीतली पोरं माझी गाडी दिसली की ओरडतात, "मॅडम आल्या बे, पत्रावळी लपवा!" मी हसते. पण माझं म्हणणं खरं आहे हे मला माहीत आहे आणि ते या उन्हालाही माहीत आहे.

आता ऐक काय झालं आहे ते. गावाजवळच्या वीज उपकेंद्राला जोडून सौर प्रकल्प यायचा आहे. काळ्या काचांच्या रांगा लावायच्या, त्यांवर ऊन पडून वीज होणार, आणि ती दिवसा शेतीच्या पंपांना मिळणार. इतकी वर्षं मी व्यासपीठावरून जे मागत आले, तेच माझ्या गावात येतं आहे. जागा ठरली आहे गायरानाची. सरकारी कागदावर ते पडीक आहे. तिथं आपल्या वस्तीतली माणसं तूर आणि ज्वारी पेरतात, भाऊ तुझा तुकडा पेरतो, पण कागदाच्या भाषेत ते अतिक्रमण. सातबारा तेव्हाही नव्हता, आताही नाही. उद्या सभेनं ठराव केला की काचा बसतील आणि तू दगड वेचून रचलेला धुऱ्याचा बांध उपटला जाईल. नाही केला, तर प्रकल्प दुसऱ्या गावाला जाईल.

आणि मला सोपं असं "नाही" म्हणता येत नाही. गाई राखणारी म्हातारी आठवते ना तुला? तिची नातसून आता ते घर चालवते. गेल्या आठवड्यात गावात गेले तेव्हा ती मला वाटेत भेटली. तिच्या नवऱ्याला मागच्या हिवाळ्यात गव्हाला पाणी देताना साप चावला. वाचला. पण वीज अजूनही रात्रीच येते आणि तो अजूनही रात्रीच जातो. ती म्हणाली, "ताई, तो बॅटरी घेऊन गेला का मी दाराले कान लावून बसते. लेकरायले सांगते, झोपा. मले काही झोप येत नाही. तुमी बोला ना सभेत. तुमचं समदे आयकतात." मी तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे नेहमीचंच काहीतरी बोलले असेन.

तेव्हापासून मला त्याच म्हातारीचं दार दिसतं आहे, आणि तू.

तू आणि वस्तीतल्या बायका गायरान फोडत होतात ते वर्ष. उन्हाळाभर तू दगड वेचलेस. पहिला पाऊस पडून अंकुर वर आले आणि म्हातारी धुऱ्यावर येऊन उभी राहिली. "माह्या गाईच्या तोंडचा घास काढला तुमी! हात झडतीन तुमचे!" तू खाली मान घालून निंदत होतीस. मला राग आला होता, तिचा कमी आणि तुझा जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले आहे. तू रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवतेस, सकाळी फुंकर मारतेस, म्हणून आपल्या घरात काडेपेटी महिनोन्‌महिने पुरते. चूल पेटलेली आहे, भाकर तव्यावर आहे. आणि तू फुटक्या मडक्याचं खापर उचलतेस आणि म्हणतेस, चाल. कुठं? म्हातारीकडे, इस्तू मागायला.

ती दारातच होती. "काऊन आली व?"

"इस्तू द्या, आजी. माह्या घरचा राती इझला."

तिनं तुझ्या हातातलं खापर पाहिलं. मग आत गेली, चिमट्यात निखारा धरून आणला आणि वरून तुझ्या खापरात टाकला. वरून. खापराला चिमटा लागू नये इतक्या वरून. ठिणगी तुझ्या मनगटावर उडाली आणि तू हात हलवला नाहीस.

परत येताना मी रडकुंडीला आले होते. "आपली चूल त पेटेल हाय! आन तिनं वरून टाकला, तुले दिसलं नाही?"

"दिसलं," तू म्हणालीस. "पन ज्या घरानं इस्तू देल्ला, त्या घरानं दिवस बुडेपावतर घेनाऱ्याले शिवी द्यायची नसते. म्हातारी नेमाची हाय. आता दुपारी जाते आन बोलते."

दुपारी तू गेलीस. काय बोललात मला माहीत नाही. संध्याकाळी तू वावराच्या नाल्याकडच्या बाजूचा एक पट्टा तसाच सोडलास, ढोरांना पाण्यावर जायला. सगळ्यात चांगली माती तिथंच होती. त्या रात्री जेवताना मी स्वाभिमानावर एक भाषण केलं, माझं पहिलंच म्हण. तू शेवटपर्यंत ऐकलंस, ताट विसळलंस आणि म्हणालीस, "तुले बोलता येते. मांगता नाही येत. शीक."

माय, मी शिकले नाही. खरं तर शिकायचं नाही असं ठरवलं. हक्क मागायचा नसतो, घ्यायचा असतो, हे मी पुढं पुस्तकांत वाचलं, मला ते पटलं आणि आजही पटतं. तो वरून टाकलेला निखारा मी माफ केलेला नाही. तू केला असशील, तो तुझा प्रश्न. मी होस्टेलला निघाले तेव्हा तू जुनी लुगडी देऊन भांडेवालीकडून एक स्टीलची वाटी घेतलीस आणि माझ्या पेटीत ठेवलीस. "काही कमी पडलं त शेजारी मांग," म्हणालीस. त्या वाटीत मी आजवर काही मागितलं नाही. टेबलावर असते, पेनांची टोपणं ठेवायला.

पण आता गाठ अशी पडली आहे. उपकेंद्राच्या कुंपणाला लागूनच त्या नातसुनेचं बरड आहे. मुरमाड, कुसळं माजलेली, वर्षानुवर्षं नांगर न लागलेली जमीन. ती त्यांनी प्रकल्पाला भाड्यानं दिली, आणि गायरानाचा माथ्यावरचा निव्वळ खडक त्याला जोडला, तर काचा तिथं मावतात. पेरलेल्या जमिनीला हात लावायची गरज नाही. वीजही येते, तूरही राहते. पण बरडावर त्यांना मोठ्या मुलासाठी कोंबड्यांचं शेड टाकायचं आहे, असं ऐकते. म्हणजे कोणीतरी जाऊन मागायला हवं. मी भावाला म्हणाले, सभेत मांडते. तो हसला. "सभेत मांडशील त तिचा नवरा चारचौघांत नाही म्हनीन. आन एकडाव नाही म्हनला का मंग मेला तरी हो म्हननार नाही. तू घरी जाय. सभेच्या आंधी जाय. मी गेलो त म्हनतीन, आपल्या वावरासाठी आला."

तर उद्या पहिल्या गाडीनं घाट उतरायचा आहे, मोताळ्याला गाडी बदलायची आणि सभेच्या आधी तिच्या दारात उभं राहायचं आहे. भाषण तयार आहे. ते नेहमीच तयार असतं. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, टाळी कुठं पडेल, सगळं मला ठाऊक आहे. आता हे लिहितानासुद्धा तुझा तो निखारा माइकवर कसा वाजेल, हे मी मनात तोलून पाहिलं. लाज वाटली, पण तोललं. भीती आहे ती दारातल्या पहिल्या वाक्याची. ती नाही म्हणाली तर भावाचं काय? आणि त्या रागात मी सभेत प्रकल्प हाणून पाडला, तर तिच्या नवऱ्याचं काय? उद्याही वीज रात्रीच येणार आहे. आणि हे ऊन, माय, हे कोणाच्या ठरावासाठी थांबणार नाही.

इस्तू मागायची सोय राहिली नाही. तिच्या घरी आता गॅस आहे, लायटर आहे. घरात असताना शेजारी मागावं असं काय उरलं आहे, याचा मी दुपारभर विचार केला. विरजण सुचलं. तिच्याकडं म्हैस आहे, दही रोज लागत असणार. वाटी घासून पिशवीत ठेवली आहे. विरजण देणाऱ्यानं दिवस बुडेपर्यंत वाईट बोलू नये, असा काही नेम आहे की नाही, मला माहीत नाही. तुला विचारलं असतं.

हा कागद कुठं जायचा नाही. येताना वाटी भरलेली असली तर तिच्यावर झाकायला होईल, म्हणून घडी करून पिशवीतच ठेवते.

आणि एक सांगून टाकते. मी दही विकतचं आणते, प्लास्टिकच्या पिशवीतलं. इथं डाव्या हाताच्या घरीही दही लागतं, उजव्या हाताच्याही. इतक्या वर्षांत कोणाकडं चमचाभर विरजण मागायला माझी जीभ रेटली नाही. पिशवी धुते आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी घालते, वरून भाजीची देठं टाकते, कोणाला दिसू नये म्हणून.