पुलाआधीचं वळण

सोमवार, ४ नोव्हेंबर

गाडी चुकली. फलाटावर उभं राहून चुकली! तिचाच फोटो काढत होतो. येताना काढला, थांबल्यावर काढला. मग वाटलं, निघतानाचाही हवा — शेवटचा डबा दिसेनासा होतानाचा. तोही काढला. मग लक्षात आलं की आपण त्या डब्यात असायला हवं होतं.

फोटो मात्र चांगला आलाय.

मंगळवार, ५

साहेबांनी बोलावलं. म्हटलं, कालच्या उशिराचं असणार. तेच होतं, पण रागावले नाहीत. "भिंगं तुमच्यासारखी कोणी घासत नाही, म्हणून गप्प बसतो. पण आता तुमची सुटका करतोय." आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी चष्म्यांचं नवं दुकान उघडतायत. मागच्या खोलीत मशीन. मशीनवर मी. "रोजची गाडीची कटकट संपली! सोमवारपर्यंत सांगा. तुम्ही नाही कशाला म्हणाल म्हणा!"

कशाला म्हणेन?

बुधवार, ६

हिला सांगितलं. इतकी खूश झाली की हातातलं पातेलं तसंच घेऊन शेजारी सांगायला गेली. परत आली ती बेत करतच. दुपारचं जेवण घरी, गरम गरम. संध्याकाळी उजेड असताना घरी. "सुटलात एकदाचे माझ्या सवतीच्या तावडीतून!" लग्न झाल्यापासून ती गाडीला सवत म्हणते. मी हसलो. मग गाडीचा पास काढून अजून किती दिवस उरलेत ते पाहिलं.

लेकीचा फोन आला. "बाबा, मग आता फोटो कसले काढणार? सायकलींचे?"

गुरुवार, ७

थंडी. रुळांवर गुडघाभर धुकं. बाजूच्या रुळावर मालगाडी आम्हाला वाट देऊन उभी होती. तिचा चालक डबा उघडून खात बसलेला. मी कॅमेरा रोखलेला पाहून त्याने घास वर केला. या जेवायला! टिपला.

लहानपणी फाटकाशी गाडी बघायला न्यायचे. गाडी गेली, फाटक उघडलं की मी रडायचो, असं आई सांगायची. सगळे पुढे जायला मोकळे, आणि मी भोकाड पसरून उभा. अजून तसाच आहे.

शुक्रवार, ८

सांगून टाकलं. मला ती जागा नको.

ही भाजी निवडत होती. हात थांबले.

"गाडी सुटेल म्हणून?"

"हो."

"म्हणजे घरापासून लांब राहायला मिळतं, ते सुटेल म्हणून."

तसं नाही, म्हणालो. कपाटातले फोटो काढून पुढ्यात ठेवले. इंजिनं, डबे, पूल. तिने एकेक पाहिला. मग म्हणाली, "छान आहेत हो. पण एकदा तरी म्हणालात का, चल माझ्याबरोबर?"

सुचलंच नव्हतं. भाजी मग मीच निवडली. वाईट निवडली.

शनिवार, ९

सकाळी म्हणालो, "चल."

"आज? तुमचं काम?"

"मी कामावर जाईन. तू गाव फीर. संध्याकाळी बरोबर येऊ."

ठेवणीतली साडी नेसून आली. मी सगळं दाखवत सुटलो. हा सिग्नल नेहमी अडवतो. ही मालगाडी. आता पुलाआधीचं वळण येईल, तिथे समोरून दुसरी येते, दोघी एकदम वळतात, उन्हाने काचा पेटतात... "बरं," ती म्हणे. "बरं." मग बरं थांबलं. माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

वळण आलं. समोरची आली. असा प्रकाश या वर्षात मिळाला नव्हता! कॅमेरा मांडीवर. उचलायचा तर खांदा हलवावा लागला असता.

नाही हलवला. वळण नुसतंच पाहिलं.

संध्याकाळी फलाटावर भेटली. गाल लाल, केस विस्कटलेले. "कुठे कुठे फिरलीस?" "इकडेतिकडे." परतीच्या वाटेवर अजिबात झोपली नाही.

रविवार, १०

ठरलं. होकार देणार. चहाच्या वेळी हिला सांगितलं — उद्या साहेबांना कळवतो, दुपारी जेवायला घरी येत जाईन. कुढत नव्हे, मनापासून म्हणालो. ती चहा ओतत होती.

"घाई करू नका," म्हणाली.

"अगं, उद्याच शेवटचा दिवस!"

"मग उद्या सकाळी बघू." आणि चहा कपाबाहेर सांडला. एरवी एक थेंब सांडत नाही तिचा.

सोमवार, ११

साहेबांना नकार दिला — हिच्याच हुकमावरून! शनिवारी ही तिथल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात शिरली होती. लग्नाआधी हेच काम करायची. मालकीणबाईंनी सुईदोरा पुढे केला, हिने एक पुस्तक शिवून दाखवलं. उद्यापासून कामावर.

संध्याकाळी हिचा पास काढला. उद्या खिडकीत कोणी बसायचं यावरून आत्ताच कडाक्याचं भांडण झालं. ती जिंकली.